साक्ष कोणाची मानावी?

एखादी आवडती मालिका संपते, शेवटच्या भागाची नामावली पडद्यावरून सरकून जाते, आणि ज्या माणसांच्या सहवासात आपण महिना-दीड महिना रोजची पंचवीस मिनिटे काढली ती माणसे एकाएकी आपल्या खोलीतून उठून जातात, तेव्हा अ‍ॅनिमेच्या चाहत्यापुढे जो प्रश्न उभा राहतो तो ऐकणाऱ्याला अगदी किरकोळ वाटण्याजोगा असतो. आता पुढे काय पाहावे, एवढाच तो प्रश्न. जपानी चाहत्यांनी या रितेपणासाठी 'रोसु' हा शब्द रूढ केला आहे. मालिकेच्या नावामागे तो जोडला, की अमक्या मालिकेचा वियोग असा त्याचा अर्थ होतो. वियोगाची भाषा जिथे इतक्या सहजपणे बोलली जाते तिथला प्रश्न किरकोळ नसावा, अशी माझी समजूत आहे, आणि ती समजूत सकारण आहे हे दाखविण्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझी भाची पुण्यात महाविद्यालयात शिकते. तिच्यापाशी एक दोनशे पानी वही आहे. पाने पट्टीने आखून तिने तीन रकाने केले आहेत: पाहून झालेल्या, ड्रॉप केलेल्या, आणि पाहायच्या. गेल्या पावसाळ्यात ती वही मी प्रथम हातात घेतली तेव्हा पहिल्या रकान्यात ६१ नावे होती, दुसऱ्यात १९ आणि तिसऱ्यात १४३. काही नावांपुढे, ते सुचविणाऱ्या मैत्रिणीची आद्याक्षरे पेन्सिलीने लिहिली होती. बहुतेकांपुढे मात्र केवळ एक आकडा होता, ८.२ किंवा ८.६ असा. त्या रात्री तिने 'फ्रीरेन' ही मालिका संपविली होती. अठ्ठाविसावा भाग झाल्यावर वही मांडीवर आणि फोन हातात घेऊन ती बसली. एकेक नाव काढायची, त्याचा गोषवारा वाचायची, गुण पडताळायची, दीड मिनिटाची झलक लावायची आणि पुढच्या नावाकडे वळायची. साडेनऊला आरंभलेला हा शोध अकराला आटोपला तो काहीही न पाहता. तेवढ्या वेळात कोणत्याही एका मालिकेचे तीन भाग स्वस्थपणे पाहून झाले असते. ती आळशी नाही, चंचलही नाही. तिच्यापाशी नावे भरपूर होती, परंतु त्या नावांच्या बाजूने बोलणारा विश्वासू साक्षीदार तिच्यापाशी नव्हता, आणि निवडीची सारी अडचण माझ्या मते एवढ्यातच सामावलेली आहे.

आमच्या पिढीला ही अडचण ठाऊक नव्हती, कारण निवडच नव्हती. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागे. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी संस्थेने १९८९ मध्ये आरंभिलेली ही ५२ भागांची मालिका आम्ही हिंदीतून, नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान ऐकत, एकही रविवार न चुकविता पाहिली, आणि ती जपानी आहे याची आम्हांला वार्ताही नव्हती. जे लागेल ते पाहायचे, ही त्या काळची वहिवाट. आता एका वर्गणीत हजारो तासांचे भांडार खुले होते, आणि त्या भांडाराच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीला आत जाण्याची मुभा आहे पण वाट दाखविणारे कोणी नाही.

या भांडाराची रचना जपानात कशी होते हे थोडे जाणून घेणे अवश्य आहे. तिथल्या दूरचित्रवाणीचे वर्ष चार भागांत विभागलेले असते. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत नव्या मालिकांचा आरंभ होतो, आणि सुमारे तीन महिन्यांच्या, म्हणजे बारा-तेरा भागांच्या, या मुदतीला 'कूर' म्हणतात. प्रत्येक कूरमध्ये डझनावारी नव्या मालिका एक-दोन आठवड्यांतच दाखल होतात. त्यांतल्या पुष्कळ मध्यरात्रीनंतर दाखविल्या जातात, आणि वेळापत्रकात रात्रीचा दीड हा '२५:३०' असा छापण्याची तिथे रीत आहे, जणू जागणाऱ्यांसाठी दिवसच लांबविलेला आहे. हंगाम सुरू झाला की त्या हंगामातली 'हाकेन' मालिका कोणती, म्हणजे अधिसत्ता कोणाची, याची चर्चा सुरू होते. तीन महिन्यांनी नवे राज्य येते आणि जुन्या राजाचे नावही मागे पडते. जो चाहता केवळ या पंचांगाच्या तालावर आपली निवड करतो, त्याच्या वाट्याला जे ताजे आहे तेच येते. ताजेपणा हा गुण आहे, हे मला मान्य आहे. पण तो भाजीचा गुण आहे. कलाकृतीच्या बाबतीत तो काहीच सिद्ध करीत नाही.

हंगामाचा निवाडा किती अपुरा असतो याचा सर्वांत बोलका दाखला या माध्यमाच्या इतिहासातच आहे. ६ ऑक्टोबर १९७४ या दिवशी, रविवारी संध्याकाळी साडेसात वाजता, 'उचू सेन्कान यामातो' म्हणजे अंतराळयुद्धनौका यामातो ही मालिका सुरू झाली. त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर इसाओ ताकाहाता यांनी दिग्दर्शित केलेली 'हाइडी' चालू होती. घरात संच एकच असे, आणि कार्यक्रम नोंदवून ठेवण्याचे यंत्र अजून सामान्य कुटुंबापर्यंत पोहोचले नव्हते. तेव्हा एक पाहणे म्हणजे दुसरी कायमची गमावणे, असा तो मामला होता. घरोघरी हाइडी जिंकली. यामातोची ३९ भागांची योजना २६ भागांतच आवरती घ्यावी लागली, आणि मार्च १९७५ मध्ये ती मालिका अपयशाचा शिक्का घेऊन संपली. पुढे पुनःप्रक्षेपणात ती पाहणारे वाढले, तिच्यासाठी चाहत्यांची मंडळे निघाली, आणि १९७७ साली तिचे भाग जोडून केलेला चित्रपट लागला तेव्हा तरुण मुलांनी चित्रपटगृहांबाहेर रात्रभर रांगा लावल्या.

या हकीकतीतून लोक सामान्यतः असा निष्कर्ष काढतात, की १९७४ च्या प्रेक्षकांचे चुकले. मला तसे वाटत नाही. हाइडीसाठी ताकाहाता, हायाओ मियाझाकी आणि त्यांचे सहकारी १९७३ मध्ये प्रत्यक्ष स्वित्झर्लंडला जाऊन आले होते. तिथल्या झोपडीतल्या चुलीसमोर हाइडीचे आजोबा सळईवर चीजचा तुकडा धरतात, त्याची कड हळूहळू मऊ होते, चकाकते आणि पावावर उतरते, हे दृश्य ज्या निगुतीने त्यांनी चितारले आहे ते पाहणाऱ्या मुलाला त्या क्षणी अंतराळात जाण्याची गरज भासली नसेल तर त्यात नवल काहीच नाही. चुकले असेल तर ते इतकेच, की त्या एका संध्याकाळच्या पसंतीला कायमच्या निकालाचा दर्जा देण्यात आला. साडेसातच्या सुमारास किती घरांत कोणती वाहिनी लागली होती, एवढेच सांगण्याचा प्रेक्षकसंख्येच्या आकड्याला अधिकार होता. दुसऱ्या कृतीचे आयुष्य किती, हे ठरविणे त्याच्या अधिकारक्षेत्राबाहेरचे होते. पाचच वर्षांनी हेच पुन्हा घडले. योशियुकी तोमिनो यांची 'गंडाम' १९७९ मध्ये आली, ५२ भागांऐवजी ४३ भागांतच तिला गुंडाळावे लागले, आणि नंतर पुनःप्रक्षेपणाने, यंत्रमानवांच्या जुळणीच्या प्रतिकृतींनी आणि चित्रपटांनी तिचा असा काही उत्कर्ष झाला की आज तिच्यावाचून या क्षेत्राचा इतिहास लिहिताच येत नाही. या दोन्ही कृती वाचल्या त्या मुदत टळून गेल्यावर त्यांच्याकडे वळलेल्या प्रेक्षकांमुळे. उशिरा पाहणारा हा कलेच्या व्यवहारातला दुय्यम घटक नव्हे, हे मला या ठिकाणी आग्रहाने नोंदवावेसे वाटते.

आता भाचीच्या वहीतल्या आकड्यांकडे वळू. हजारो, कधी लाखो, प्रेक्षकांनी दहापैकी दिलेल्या गुणांची सरासरी म्हणजे तो आकडा. त्यात लबाडी नाही, आणि तो देणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. शंका आहे ती साक्षीच्या स्वरूपाविषयी. न्यायासनापुढे साक्षीदार उभा राहतो तेव्हा त्याची उलटतपासणी करता येते: तू कुठे होतास, काय पाहिलेस, तुझा या प्रकरणाशी संबंध काय? सरासरीला असे काहीही विचारता येत नाही. तिचे वय सोळा की साठ, तिला युद्धकथा रुचतात की प्रेमकथा, मालिका तिने शेवटपर्यंत पाहिली की चौथ्या भागावर सोडली, यांपैकी कशाचेच उत्तर ती देत नाही. शिवाय या आकड्यात एक घडणीतलाच दोष आहे, आणि तो लक्षात आल्यावर वरच्या क्रमांकांचा पुष्कळसा दरारा ओसरतो. एखाद्या मालिकेचा पहिला हंगाम ज्यांना रुचत नाही ते दुसऱ्याच्या वाटेला जात नाहीत; तिसऱ्यापर्यंत पोहोचतात ते केवळ तिच्यावर निस्सीम लोभ असणारे; आणि मग त्या तिसऱ्या हंगामाला गुण देणारे सगळे पंच आधीपासूनच अनुकूल असतात. २००६ मध्ये सुरू झालेल्या 'गिन्तामा' या विनोदी मालिकेचे उत्तरकालीन हंगाम अशा याद्यांच्या अगदी वरच्या भागात सापडतात. ती मालिका मला स्वतःला फार प्रिय आहे. परंतु यादीवर विसंबून कोणी नवखा त्या शेवटच्या हंगामापासूनच आरंभ करील, तर शेकडो भागांच्या ओळखीतून जन्मलेला तो विनोद त्याला परक्या घरच्या कौटुंबिक गप्पांसारखा दुरूनच ऐकावा लागेल. आणि यादीच्या मध्यभागी तर सहा आणि आठ यांच्या चिंचोळ्या पट्ट्यात इतक्या मालिका दाटीवाटीने बसलेल्या असतात, की ७.४ आणि ७.६ यांच्यातला फरक हा गुणवत्तेचा फरक आहे असे मानणे म्हणजे धान्य मोजण्याच्या पायलीने केशर मोजण्यासारखे आहे.

यंत्राने केलेल्या शिफारशीचा दोष निराळा, आणि माझ्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. यंत्र साम्य शोधते, आणि साम्य शोधण्यासाठी त्याच्यापाशी वर्णनाच्या चिठ्ठ्या असतात: जादू, प्रवास, राक्षस, मध्ययुगीन नगरे. 'फ्रीरेन' संपविणाऱ्याला ते साहजिकच जादूगारांच्या आणखी दहा मालिका दाखविते. पण 'फ्रीरेन' पाहणाऱ्याच्या मनात मागे राहिलेले असते ते जादूचे नव्हे. हजार वर्षांहून अधिक जगलेली ही जादूगार स्त्री आपल्या साथीदारांबरोबर दहा वर्षांचा प्रवास करते, तिच्या हिशेबी तो काळ क्षणभंगुर असतो. पन्नास वर्षांनी ती परत येते तेव्हा त्या पथकाचा नायक हिमेल म्हातारा झालेला असतो, थोड्याच दिवसांत तो मरण पावतो, आणि त्याच्या दफनाच्या वेळी तिला प्रथमच कळते की हा माणूस जाणून घेण्याचा आपण कधी प्रयत्नच केला नाही. हे सारे पहिल्याच भागात येते. उरलेली मालिका म्हणजे त्या उशिरा कळलेल्या गोष्टीची सावकाश केलेली परतफेड. ज्याच्या मनाला हे लागले आहे त्याला पुढे काय हवे असेल? 'मुशिशी' कदाचित, जिच्यात गिन्को नावाचा एक भटका माणूस गावोगाव फिरून माणसांच्या डोळ्यांना सहसा न दिसणाऱ्या जीवांमुळे पीडलेल्यांना भेटतो, आणि दर भागागणिक निरोप घेऊन निघून जातो. किंवा सहजीवनाची एखादी अगदी साधी, जादूचा लवलेशही नसलेली कथा. चिठ्ठ्यांच्या हिशेबात या गोष्टी 'फ्रीरेन'पासून कोसभर दूर आहेत. पाहणाऱ्याच्या अंतःकरणात मात्र त्या शेजारी शेजारी नांदतात. पुढची कृती निवडायची ती मागच्या कृतीने आपल्यात जे जागे केले त्याच्या अनुरोधाने, आणि ते काय होते हे पाहणाऱ्यावाचून इतर कोणी सांगू शकत नाही. भाचीला मी त्या रात्री एवढेच विचारले होते, की शेवटच्या भागापेक्षा कोणता भाग तुला अधिक आठवतो. क्षणाचाही विचार न करता ती म्हणाली, "पहिला."

चाहत्यांनी स्वतःसाठी घालून घेतलेला एक नियम मात्र मला आदरणीय वाटतो. कोणत्याही नव्या मालिकेला तीन भागांची मुदत द्यायची आणि मगच ती ठेवायची की सोडायची ते ठरवायचे, असा तो नियम. जपानीत तीन भागांवर सोडण्याला 'सान्वा-गिरी' म्हणतात, आणि एकही भाग न पाहता नाकारण्याला 'झेरोवा-गिरी'. आरोपीची कैफियत ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, ही त्यातली न्यायबुद्धी आहे. या नियमाला बळ मिळाले ते २०११ च्या 'मादोका मागिका' या मालिकेमुळे, असे पुष्कळ चाहते मानतात: गोड रंगांची, शाळकरी मुलींची वाटणारी ही कथा तिसऱ्या भागाच्या अखेरीस असे काही वळण घेते की पहिले दोन भाग पुन्हा नव्याने पाहावे लागतात. ते वळण कोणते, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगणे अन्यायाचे होईल. परंतु नियम चांगला असला तरी तो सर्व प्रकरणांना सरसकट लावता येत नाही. 'स्टाइन्स गेट' ही त्याच वर्षीची २४ भागांची मालिका. तिचे जवळजवळ अर्धे भाग एका लहानशा भाड्याच्या खोलीत जमणाऱ्या मित्रांच्या गप्पांत आणि फसलेल्या प्रयोगांत जातात, आणि बाराव्या भागात जे घडते त्याचे दुःख इतके खोल जाते ते आधीच्या त्या निवांत दिवसांमुळेच. तीन भागांवर जो उठून गेला त्याने पाया पाहिला आणि घर पाहिले नाही. 'मुशिशी'त प्रत्येक कथा स्वतंत्र असल्यामुळे तीन भाग पुरेसे आहेत, दोनही चालतील. उलट 'आकाशगंगेतील वीरांची गाथा' ही ११० भागांची जुनी मालिका, जिच्या चित्रफिती वर्गणीदारांना टपालाने मिळत, तिच्या बाबतीत तीन भाग म्हणजे प्रस्तावनेचे एक पान. मुदत कृतीच्या प्रकृतीप्रमाणे कमी-अधिक असावी, आणि ती किती असावी हे ज्याने ती कृती पाहिली आहे त्याला विचारावे.

इथे माझ्या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो मी हलका मानीत नाही. हंगामाबरोबर पाहण्यात जो सहवासाचा आनंद आहे त्याचे काय? दर आठवड्याला एक भाग, मग सहा दिवस तर्क, वाद, वाट पाहणे, आणि जगभरच्या हजारो माणसांचे मन एकाच क्षणाकडे लागलेले असणे, हे सुख एकट्याने चार रात्रींत जुनी मालिका संपविणाऱ्याला मिळत नाही. 'मादोका'चे शेवटचे दोन भाग मार्च २०११ च्या भूकंपामुळे तहकूब झाले आणि एप्रिलच्या उत्तरार्धात एकत्र दाखविले गेले. देशावर एवढी आपत्ती कोसळलेली असताना ज्यांनी त्या आठवड्यांत त्या भागांची वाट पाहिली, त्यांच्या स्मरणात ती मालिका आणि ते दिवस एकजीव झालेले आहेत. असे काही नंतर येणाऱ्याला लाभत नाही, हे मी कबूल करतो. म्हणून हंगामातली एखादी मालिका, सवंगड्यांबरोबर, अवश्य पाहावी. पण एखादीच. एका कूरच्या बारा भागांना पाच तासही पुरे होतात. अशा दहा मालिका एका वेळी धरणारा माणूस तीन महिन्यांत जवळजवळ पन्नास तास देतो, आणि त्या तासांत त्याने जे पाहिले त्यातले वर्षाने काय आठवते हे त्याने स्वतःशी प्रामाणिकपणे पडताळून पाहावे. भाचीने पडताळले. पहिल्या रकान्यातल्या ६१ नावांपैकी २३ मालिकांची एकही व्यक्तिरेखा तिला नावानिशी आठवली नाही.

मग साक्ष मानावी ती कोणाची? माझे उत्तर त्या नामावलीत आहे, जी आपण बहुतेक जण 'वगळा'ची कळ दाबून टाळतो. चित्रपटाच्या रसिकाला दिग्दर्शकाचे नाव विचारावे लागत नाही, आणि पुस्तक वाचणाऱ्याने लेखकाचे नाव न पाहता पुस्तक निवडावे ही कल्पनाच आपल्याला विचित्र वाटेल. मात्र अ‍ॅनिमेच्या बाबतीत ती कृती जणू आपोआप उगवते अशा समजुतीने आपण वागतो. फार तर स्टुडिओचे नाव घेतो. पण स्टुडिओ ही इमारत आहे, आणि त्या इमारतीत येणारे-जाणारे हात प्रत्येक कामाला निराळे असतात. 'वन पंच मॅन'चा २०१५ चा पहिला हंगाम शिंगो नात्सुमे यांनी मॅडहाउसमध्ये केला, तेव्हा त्यांच्या शब्दाखातर कितीतरी मुक्त चित्रकार त्या कामात उतरले होते. २०१९ चा दुसरा हंगाम दुसऱ्या दिग्दर्शकाने दुसऱ्या स्टुडिओत केला, आणि नाव तेच असल्याच्या भरवशावर बसलेले चाहते खिन्न झाले. कृतीचे कूळ शोधायचे तर ते माणसांच्या नावांतच सापडते. जपानी चाहत्यांना हे फार पूर्वी उमगले होते; १९७८ साली निघालेल्या 'आनिमेज' या मासिकाने दिग्दर्शकांच्या, चित्रकारांच्या, आवाज देणाऱ्यांच्या मुलाखती छापून वाचकांची एक पिढीच नावे ओळखायला शिकविली, आणि मियाझाकींची 'नाउसिका' ही चित्रकथा १९८२ पासून त्याच मासिकातून येऊ लागली. 'फ्रीरेन'चेच पाहा. तिचे दिग्दर्शक केइइचिरो साइतो यांनी त्याआधी 'बोच्ची द रॉक' केली होती, जिची नायिका माणसांसमोर बोलायलाही घाबरणारी एक गिटार वाजविणारी मुलगी आहे. 'फ्रीरेन'चे संगीत एव्हन कॉल यांचे आहे, आणि 'व्हायोलेट एव्हरगार्डन' या, इतरांची पत्रे लिहिता लिहिता स्वतःचे दुःख समजून घेणाऱ्या मुलीच्या कथेलाही संगीत त्यांचेच आहे. एका नामावलीतून दोन वाटा निघाल्या, आणि दोन्ही वाटांवर मृदुपणा आणि संयम यांची तीच जात भेटते, जरी एका वाटेवर विजेची गिटार आहे आणि दुसरीवर युद्धोत्तर टपालकचेरी.

हे मला आज स्पष्ट दिसते, पण फार उशिरा दिसले, आणि त्याची किंमत मी मोजली आहे. 'शोवा गेन्रोकु राकुगो शिन्जू' ही २०१६ ची मालिका माझ्या एका मित्राने मला आग्रहाने सुचविली होती. मी गोषवारा वाचला: तुरुंगातून सुटलेला एक तरुण एका वृद्ध कथेकऱ्याकडे शिष्यत्व मागतो. आकडा पाहिला, तो बरा होता, पण डोळ्यांत भरणारा नव्हता. आणि आकड्याचे ऐकून मित्राचा शब्द मी तीन वर्षे तारण म्हणून ठेवावा तसा बाजूला ठेवला. मग एका रात्री ती लावली. राकुगो म्हणजे जपानी कथाकथनाची शेकडो वर्षांची परंपरा. कथेकरी उशीवर गुडघे मोडून बसतो, त्याच्यापाशी एक मिटता पंखा आणि एक हातरुमाल एवढीच सामग्री असते, आणि तो उठून उभाही राहत नाही. मान किंचित डावीकडे वळविली की घरमालक बोलतो, उजवीकडे वळविली की भाडेकरू उत्तर देतो. पहिल्याच, दुप्पट लांबीच्या भागात तो सुटलेला तरुण योतारो एका वेंधळ्या चोराची गोष्ट सांगतो. श्रोत्यांत त्याचा जुना गुंड म्होरक्या बसलेला असतो, त्याला परत न्यायला आलेला. चोराचे सोंग घेता घेता योतारोच्या कपाळावर घाम साचतो, आवाज चढतो, हात कोपरांपासून थरथरतात, श्रोत्यांतले पहिले हसू फुटते, मग दुसरे. आणि तो म्होरक्याही हसतो. गोष्ट तोडलेली नाही, घाईने आटपलेली नाही. मिनिटामागून मिनिटे आपण केवळ एक बसलेला माणूस पाहत असतो आणि खोलीत चारजण वावरत असल्याची आपली खात्री पटलेली असते.

बटाट्याच्या चाळीचा एकपात्री प्रयोग ज्यांच्या घरी ध्वनिमुद्रिकेवर वाजत होता, मिरासदार आणि शंकर पाटील यांचे कथाकथन ज्यांनी मांडवात बसून ऐकले, त्या घरातल्या माणसाला ही मालिका परकी वाटणे अशक्य होते. तिच्यासाठी लागणारा कान माझ्यापाशी लहानपणापासून तयार होता. माझ्या मित्राला हे ठाऊक होते, म्हणून तर त्याने ती सुचविली होती. लाखो अनोळखी माणसांच्या सरासरीला ते ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. मित्राची साक्ष ग्राह्य धरावी ती तो अधिक जाणकार असतो म्हणून नव्हे. त्याला दोन्ही पक्ष माहीत असतात: कृतीही आणि आपणही. आणि त्याने सुचविलेले आपल्याला रुचले नाही तर त्याला विचारता येते, की तुला यात काय दिसले. पुष्कळदा त्या उत्तरानंतर ते आपल्यालाही दिसू लागते.

'राकुगो'चे दोन्ही हंगाम संपल्यावर मी प्रथमच नामावली थांबवून वाचली आणि दिग्दर्शकाचे नाव टिपून घेतले: मामोरु हाताकेयामा. या गंभीर, मृत्यू आणि परंपरा यांच्या छायेतल्या कृतीनंतर त्यांनी काय केले, हे पाहू गेलो तर २०१९ मध्ये त्यांनी केलेली 'कागुया-सामा' सापडली, म्हणजे शाळेतली एक प्रेमाची विनोदी कथा. दोन अतिहुशार विद्यार्थी एकमेकांवर अनुरक्त आहेत, आणि आधी कबुली कोणी द्यायची यावरून त्यांच्यात युद्ध चालले आहे. कोणतीही यादी एका कृतीवरून दुसरीकडे पाठविणार नाही. परंतु पहिला भाग लावला आणि पाचव्या मिनिटाला खूण पटली: एक बंद खोली, दोन चेहरे, आणि त्यांच्यामधल्या शांततेला कधी ताणणारा तर कधी फोडणारा निवेदकाचा आवाज. उशीवर बसलेला तो कथेकरीच इथे वेष पालटून आला होता.

मी तो भाग लावला तेव्हा भाची आमच्याकडे आलेली होती. बाहेर पाऊस होता, वीज दोनदा जाऊन आली होती. नाव पाहताच ती म्हणाली, "मामा, ही मी दोन भागांत ड्रॉप केली होती." मी तिला 'राकुगो'तले योतारोचे ते दृश्य आधी दाखविले, सगळे, मध्ये एक शब्दही न बोलता. मग 'कागुया-सामा' पुन्हा पहिल्यापासून लावली. दुसरा भाग संपून नामावली सुरू झाली तेव्हा कळ दाबायला तिचा अंगठा पुढे झाला आणि तिथेच थांबला. तिने वही ओढून घेतली, मधल्या रकान्यातले एक नाव खोडले, ते शेवटच्या रकान्यात पुन्हा लिहिले, आणि त्यापुढे, जिथे ती एरवी आकडा लिहीत असे तिथे, पेन्सिलीने माझी आद्याक्षरे घातली.